उष्णता: पातालपाणीचा घाट ते निरपेक्ष शून्य

पौषातल्या पहाटे इंदुरातल्या एखाद्या घरात पितळी तांब्याला हात लावला तर तो बर्फासारखा गार लागतो; शेजारचा लाकडी पाट मात्र तितका गार लागत नाही. दोन्ही वस्तू रात्रभर एकाच खोलीत असतात आणि दोन्हींचे तापमान सारखेच असते. पितळ हातातली उष्णता झपाट्याने ओढून घेते, लाकूड ती सावकाश घेते, एवढाच फरक. त्वचेला कळतो तो उष्णता जाण्या-येण्याचा वेग, वस्तूचे तापमान नव्हे. ही साधी गोष्ट स्पष्ट व्हायला फार मोठा काळ जावा लागला, कारण उष्णता, तापमान आणि गरम-गार ही जाणीव बोलण्यात नेहमी एकमेकींत मिसळलेल्या असतात. मराठीत ताप म्हणजे ज्वर, उन्हाची काहिली आणि डोक्याला झालेला त्रासही. अंगात उष्णता झाली, उष्णता बाहेर पडली, खोलीत ऊब धरून राहिली, असे म्हणताना उष्णता ही एखादी वस्तू आहे, ती शिरते, साठते आणि निघून जाते, असे गृहीत धरलेले असते. भौतिकशास्त्रानेही बराच काळ तेच गृहीत धरले होते.

भारतीय दर्शनांत या गृहीताची फार नेमकी मांडणी सापडते. कणादांच्या वैशेषिक दर्शनात तेज हे नऊ द्रव्यांपैकी एक आहे. उष्ण स्पर्श तेजाचा, शीत स्पर्श पाण्याचा. पृथ्वी आणि वायू यांचा स्पर्श अनुष्णाशीत, म्हणजे ना गरम ना गार. मग चुलीवरचे पाणी तापते कसे? न्याय-वैशेषिक परंपरेचे उत्तर असे की पाणी स्वभावाने गारच राहते, त्यात तेजाचे सूक्ष्म कण मिसळतात आणि त्या कणांचा स्पर्श आपण पाण्याचा समजतो. याहून रंजक आहे तो कुंभाराच्या भट्टीवरून झालेला वाद. कच्चे काळसर मडके भाजल्यावर लाल होते, ते नेमके कुठे बदलते? वैशेषिकांचे म्हणणे असे की आगीने मडके अणूंपर्यंत विघटित होते, एकेका अणूचा रंग बदलतो आणि ते पुन्हा जुळून नवे मडके बनते. हा पीलुपाकवाद. नैयायिकांनी याला हरकत घेतली: मडके खरोखरच विघटित होत असेल तर भट्टीतली त्याच्यावर रचलेली मडकी कोसळत का नाहीत, आणि बाहेर काढल्यावर हे तेच मडके अशी ओळख कशी पटते? त्यांच्या मते अखंड मडकेच जसेच्या तसे पक्व होते. हा पिठरपाकवाद. उष्णतेचा परिणाम अणूंवर होतो की संपूर्ण वस्तूवर, हा प्रश्न इतक्या जुन्या काळी इतक्या धारदारपणे विचारला गेला, याचे कौतुक वाटल्याशिवाय राहत नाही. वाद मिटवायला लागणारे मोजमापाचे साधन मात्र कोणाच्याच हाती नव्हते.

ते साधन युरोपात सतराव्या-अठराव्या शतकांत घडत गेले. गॅलिलिओच्या काळातल्या काचेच्या नळीत हवा फुगे आणि आकसे, आणि त्यावरून गरम-गार ताडता येई. पण बाहेरच्या हवेचा दाब बदलला की नळीतली हवाही कमी-जास्त फुगत असे. फॅरेनहाइट यांनी १७१४ च्या सुमारास विश्वासार्ह पाऱ्याचा तापमापक बनवला. सेल्सिअस यांनी १७४२ मध्ये शंभर भागांची मोजपट्टी सुचवली, पण आजच्या उलट: त्यांच्या पट्टीवर पाणी शून्यावर उकळे आणि शंभरावर गोठे. पट्टी सुलटी झाली ती नंतर. उकळबिंदू हवेच्या दाबावर अवलंबून असतो हेही याच काळात स्पष्ट झाले. समुद्रसपाटीपासून साधारण ५५० मीटर उंचीवरच्या इंदुरात पाणी शंभर अंशांवर नव्हे, सुमारे ९८ अंशांवरच उकळते.

तापमापक हाती आल्यावर लवकरच ध्यानात आले की तो उष्णता मोजत नाही. ही ओळख पटवून दिली ग्लासगोचे प्राध्यापक जोसेफ ब्लॅक यांनी, १७६० च्या आसपास. तोपर्यंतची समजूत अशी की बर्फ वितळण्याच्या तापमानाला पोचला की जराशी अधिक उष्णता मिळताच तो सगळा एकदम पाणी होत असेल. ब्लॅक यांनी साधा युक्तिवाद केला: तसे असते तर थंड देशांतला हिवाळ्यातला सगळा बर्फ एका उबदार दुपारी वितळून पूर आले असते. प्रत्यक्षात तो आठवडेच्या आठवडे हळूहळू वितळत राहतो. म्हणजे वितळताना बर्फ उष्णता घेत असतो, पण तापमापक जागचा हलत नाही. ही उष्णता लपून बसते, म्हणून तिला अप्रकट उष्मा म्हणतात. एक ग्रॅम बर्फाचे पाणी करायला सुमारे ८० कॅलरी लागतात. एक ग्रॅम उकळत्या पाण्याची वाफ करायला सुमारे ५४०.

माळव्यातल्या उन्हाळ्याला ब्लॅक यांचा हा शोध नवा नव्हता, फक्त त्याचे गणित ठाऊक नव्हते. माठ पाझरतो, पृष्ठभागावरचे पाणी वाफ होऊन उडते आणि उडताना आतल्या पाण्याची उष्णता घेऊन जाते. एक लिटर पाण्यातले दहा ग्रॅम, म्हणजे दोन चमचे पाणी असे उडाले आणि त्याला लागणारी सगळी उष्णता आतल्या पाण्यातूनच गेली, तर उरलेल्या पाण्याचे तापमान जवळजवळ सहा अंशांनी उतरते. वाळ्याचे ओले पडदे आणि आजचे कूलर याच हिशेबावर चालतात. वैशाखातली कोरडी हवा पाणी पटकन उडवते, म्हणून इंदुरात कूलर गार करतो. आषाढात हवा दमट झाली की तोच कूलर नुसता वारा घालतो.

ब्लॅक यांच्या मोजमापांतून उष्णतेचे प्रमाण मोजता आले आणि प्रमाण असलेली गोष्ट वस्तूच असणार, असे वाटणे स्वाभाविक होते. फ्रान्समध्ये लव्हाझिए यांनी तिला कॅलॉरिक हे नाव दिले: वजन नसलेला, सर्वत्र शिरणारा, एकमेकांना दूर लोटणाऱ्या कणांचा सूक्ष्म प्रवाही पदार्थ. १७८९ च्या त्यांच्या ग्रंथातल्या मूलद्रव्यांच्या यादीत प्रकाश आणि कॅलॉरिक यांचा समावेश आहे. त्याआधी, १७८२-८३ च्या हिवाळ्यात, त्यांनी आणि लाप्लास यांनी बर्फाने वेढलेल्या भांड्यात गिनीपिग ठेवून त्याच्या अंगच्या उष्णतेने किती बर्फ वितळतो ते मोजले आणि कोळसा जळताना वितळणाऱ्या बर्फाशी त्याची तुलना केली. श्वसन हे एक संथ ज्वलन आहे, हा निष्कर्ष या मोजमापातून निघाला.

कॅलॉरिकची कल्पना पुढे चुकीची ठरली, म्हणून तिला भाबडी समजणे अन्यायाचे होईल. वस्तू तापल्यावर प्रसरण का पावतात, उष्णता गरमाकडून गाराकडे का वाहते, वितळताना ती कुठे लपते, या सगळ्याचे तिच्याकडे सुसंगत उत्तर होते. तिच्याच आधारे लाप्लास यांनी न्यूटनच्या ध्वनिवेगाच्या सूत्रातली चूक सुधारली आणि ते उत्तर आजही बरोबर आहे. खाद्यपदार्थांच्या पाकिटांवर छापली जाणारी कॅलरी हे त्याच लुप्त पदार्थाचे उरलेले नाव आहे.

पहिला तडा तोफखान्यात गेला. म्युनिकच्या शस्त्रागारात तोफांच्या नळ्या पोखरताना धातू प्रचंड तापतो, हे काउंट रम्फर्ड यांच्या नजरेत भरले. त्यांनी मुद्दाम बोथट पाते घेतले, घोड्यांकडून यंत्र फिरवले आणि नळीभोवती पाणी ठेवले. अडीच तासांत आगीशिवाय पाणी उकळू लागले, असे त्यांनी १७९८ मध्ये जाहीर केले. घर्षण चालू आहे तोवर उष्णता निघतच राहते, ती संपत नाही. न संपणारा पदार्थ हा पदार्थ असू शकत नाही. म्हणजे उष्णता ही गतीच असली पाहिजे. युक्तिवाद भक्कम होता, तरी कॅलॉरिक आणखी जवळजवळ पन्नास वर्षे टिकले. किती गतीची किती उष्णता होते, याचा पक्का आकडा रम्फर्ड देऊ शकले नव्हते.

हा आकडा ज्या प्रश्नाच्या मागे लागून मिळाला तो प्रश्न वाफेच्या इंजिनाचा होता, आणि तो समजून घ्यायला इंदुरापासून फार दूर जावे लागत नाही. तुकोजीराव होळकर दुसरे यांनी १८७० मध्ये इंदूरला ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेशी जोडण्यासाठी एक कोटी रुपयांचे कर्ज देऊ केले: मुदत १०१ वर्षे, व्याज साडेचार टक्के. खंडव्याहून निघणारी ही होळकर स्टेट रेल्वे नर्मदा ओलांडून विंध्याचा चढ चढत असे. नर्मदेवरचा पूल महाराजांच्या हस्ते ५ ऑक्टोबर १८७६ रोजी खुला झाला. महूच्या अलीकडे कालाकुंड ते पातालपाणी या घाटात चढ चाळीस फुटांमागे एक फूट, म्हणजे रेल्वेच्या दृष्टीने फार उभा आहे. २०१८ च्या डिसेंबरपासून याच तुकड्यावर वारसा गाडी चालू झाली. पातालपाणीला रुळांच्या अगदी जवळ सुमारे ३०० फुटांचा धबधबा आहे. उष्णतेच्या शास्त्रातल्या दोन मोठ्या कल्पना येथे शेजारी शेजारी उभ्या दिसतात. एकीचे चित्र घाट चढणाऱ्या इंजिनात आहे, दुसरीचे धबधब्यात. आणि या दोन्ही कल्पना समजावल्या गेल्या त्या पडणाऱ्या पाण्याच्याच रूपात.

पहिली कल्पना सादी कार्नो या तरुण फ्रेंच अभियंत्याची. इंग्लंडची वाफेची इंजिने जोरात चालत होती, पण त्यांना कोळसा किती लागावा याला काही नैसर्गिक मर्यादा आहे का, हे कोणाला ठाऊक नव्हते. १८२४ च्या आपल्या छोट्या पुस्तकात कार्नो यांनी इंजिनाची तुलना पाणचक्कीशी केली. पाणी उंचावरून खाली पडते आणि चक्की फिरवते. पाणी खर्च होत नाही, फक्त खाली येते. तसेच कॅलॉरिक गरम बॉयलरकडून गार बाजूकडे उतरते आणि उतरताना काम करते. म्हणून किती काम मिळणार हे वाफ कशी आहे यावर नव्हे, तर वरच्या आणि खालच्या तापमानांवर ठरते. आजच्या सूत्रात बसवून पाहिले तर, बॉयलरमधली वाफ १९० अंशांची आणि बाहेर सोडली जाणारी १०० अंशांची असेल, तर आदर्श इंजिनही कोळशाच्या उष्णतेपैकी जेमतेम १९ टक्क्यांचेच काम करू शकेल. घर्षण, गळती आणि धुराड्यातून जाणारी ऊब धरली तर घाट चढणाऱ्या खऱ्या इंजिनाच्या हाती दहा टक्केसुद्धा लागत नसत. बाकी सगळी उष्णता विंध्याच्या जंगलात निघून जाई, आणि ती कितीही कुशल फायरमनला वाचवता आली नसती. कार्नो १८३२ मध्ये कॉलऱ्याने वारले. त्यांचे वय ३६ होते आणि त्यांचे पुस्तक तेव्हा फारसे कोणी वाचलेले नव्हते.

दुसरी कल्पना दोन अगदी वेगळ्या माणसांना सुचली. जर्मन डॉक्टर रॉबर्ट मायर १८४० मध्ये जहाजावरचे वैद्य म्हणून जावात गेले होते. खलाशांच्या शिरेतून काढलेले रक्त त्यांना अनपेक्षितपणे लालभडक दिसले. त्यांनी तर्क केला की उष्ण प्रदेशात शरीर गरम ठेवायला कमी इंधन जाळावे लागते, म्हणून शिरेतल्या रक्तात प्राणवायू शिल्लक राहतो. तिथून ते अन्न, उष्णता आणि स्नायूंचे काम ही एकाच गोष्टीची रूपे आहेत, या निष्कर्षावर आले. त्यांच्या १८४२ च्या लेखाकडे त्या वेळी जवळजवळ कोणी लक्ष दिले नाही आणि त्यांच्या आयुष्याची पुढची वर्षे फार दुःखात गेली.

मँचेस्टरजवळच्या एका बिअर बनवणाऱ्या घराण्यातल्या जेम्स जूल यांनी तेच अत्यंत चिकाटीने मोजून दाखवले. खाली उतरणाऱ्या वजनांनी पाण्यात एक पंखा फिरवायचा आणि पाणी किती तापले ते पाहायचे. तापमानातला फरक इतका थोडा की त्या काळच्या अनेक शास्त्रज्ञांचा त्यांच्या आकड्यांवर विश्वासच बसला नाही. पण आकडा पुन्हा पुन्हा जवळजवळ तोच येत राहिला. आजच्या मापात एक कॅलरी म्हणजे सुमारे ४.१८६ जूल. जूल यांनी १८४५ मध्ये लिहिले की हे खरे असेल तर धबधब्याच्या पायथ्याचे पाणी माथ्यावरच्या पाण्यापेक्षा किंचित गरम असायला हवे. १८४७ मध्ये विल्यम थॉमसन, म्हणजे पुढचे लॉर्ड केल्व्हिन, यांना ते आल्प्समध्ये भेटले. जूल मधुचंद्राला आले होते आणि धबधब्यांचे तापमान मोजायला तापमापक घेऊन निघाले होते, असे थॉमसन पुढे सांगत. हाच हिशेब पातालपाणीला लावला तर तीनशे फूट पडणारे पाणी सुमारे ०.२ अंशाने तापायला हवे. पावसाळ्यात उडणारे तुषार आणि वारा त्यांतला बराच फरक पुसून टाकतात, त्यामुळे तापमापकाने तो पकडणे कठीण. पण उंचावरची ऊर्जा खाली आल्यावर नाहीशी होत नाही, तिची उष्णता होते, हे तत्त्व पक्के आहे.

येथे एक अडचण उभी राहिली आणि तिने त्या काळच्या उत्तम डोके असलेल्या माणसांना बरेच छळले. कार्नो म्हणतात, उष्णता उतरते, पण खर्च होत नाही. जूल म्हणतात, काम झाले की तेवढी उष्णता नाहीशी होते. दोन्ही मांडण्यांमागे भक्कम आधार होता. थॉमसन दोन्हींवर विश्वास ठेवत होते आणि दोन्हींचा मेळ त्यांना बसत नव्हता. १८५० मध्ये क्लाउझिउस यांनी तो बसवला. बॉयलरची उष्णता दोन वाटांनी जाते: काही भागाचे काम होते, हा जूल यांचा हिस्सा, आणि उरलेला भाग गार बाजूकडे जाणे अपरिहार्य आहे, हा कार्नो यांचा हिस्सा. ऊर्जेचे एकूण माप कायम राहते, हा उष्मागतिकीचा पहिला नियम. उष्णता आपण होऊन गाराकडून गरमाकडे जात नाही, हा दुसरा. धबधब्यात पडलेले पाणी तापते, पण तापलेले पाणी स्वतःची उष्णता वापरून पुन्हा वर चढत नाही. ऊर्जेचा हिशेब जुळत असूनही नाही. या एकदिशा स्वभावाला माप देण्यासाठी क्लाउझिउस यांनी १८६५ मध्ये एन्ट्रॉपी हा शब्द घडवला. थॉमसन यांनी १८४८ मध्येच कार्नो यांच्या विचारातून पाऱ्यावर वा पाण्यावर अवलंबून नसलेली तापमानाची मोजपट्टी सुचवली होती. तिचा शून्यबिंदू, निरपेक्ष शून्य, उणे २७३.१५ अंश सेल्सिअसवर येतो.

गती असेल तर ती कशाची, हा प्रश्न अजून राहिलाच होता. मॅक्सवेल आणि बोल्ट्झमन यांनी उत्तर दिले की ती अणु-रेणूंची. खोलीतल्या हवेचे रेणू सेकंदाला शेकडो मीटर वेगाने सैरावैरा धावत असतात आणि त्यांच्या सरासरी गतिज ऊर्जेलाच आपण तापमान म्हणतो. एन्ट्रॉपीचे कोडेही येथेच सुटले. इंदुरी पोह्यांवर जिरावण हे मसाल्याचे चूर्ण भुरभुरले तर सुरुवातीला ते वरच दिसते. चमच्याने चार वेळा ढवळले की ते सगळीकडे पसरते आणि नंतर कितीही ढवळले तरी पुन्हा वर गोळा होत नाही. त्याला मनाई कोणी केलेली नाही. पसरलेल्या अवस्था असंख्य आहेत आणि गोळा झालेल्या अवस्था अगदी थोड्या, एवढेच कारण. चार कण डाव्या-उजव्या कप्प्यांत सोळा प्रकारे राहू शकतात. त्यांतल्या सहा प्रकारांत ते दोन-दोन विभागलेले असतात आणि सगळे डावीकडे असण्याचा प्रकार फक्त एक. कण शंभर झाले तर प्रकारांची संख्या एकावर तीस शून्ये इतकी होते आणि सगळे डावीकडे असण्याचा प्रकार तरीही एकच. बोल्ट्झमन यांनी १८७७ मध्ये एन्ट्रॉपी म्हणजे अशा प्रकारांची मोजदाद हे दाखवले. ते सूत्र व्हिएन्नातल्या त्यांच्या समाधीवर कोरलेले आहे. अणू कोणी पाहिलेले नाहीत, तर त्यांच्यावर शास्त्र का उभारायचे, असे म्हणणारे मोठे विरोधक त्यांना होते. आइनस्टाइन यांनी १९०५ मध्ये पाण्यातल्या सूक्ष्म कणांच्या थरथरीचे गणित मांडले आणि १९०८ पासून पेराँ यांनी ते प्रयोगाने पडताळले, तेव्हा विरोध मावळला. बोल्ट्झमन यांनी १९०६ मध्ये आपले जीवन संपवले होते.

आतापर्यंतची सगळी उष्णता वस्तूंतून वाहणारी होती. रिकाम्या अवकाशातून येणाऱ्या उष्णतेची हकीकत वेगळी आहे आणि ती कळायला माळव्याची रात्र हे उत्तम ठिकाण. बनारसची सकाळ आणि अवधची संध्याकाळ यांच्या जोडीने लोकांच्या तोंडी असलेली शब-ए-मालवा ही निव्वळ कविकल्पना नव्हे. दिवसा चाळीसच्या पुढे गेलेला पारा रात्री चांगलाच उतरतो. काळी जमीन दिवसभर तापते आणि सूर्यास्तानंतर ती उष्णता अदृश्य किरणांच्या रूपात आकाशाकडे सोडत राहते. कोरड्या, निरभ्र हवेत तिला अडवणारे फारसे काही नसते. मुंबईत हवेतली वाफ हीच किरणे शोषून पुन्हा खाली पाठवते, म्हणून तिथली रात्र उकाड्याचीच राहते.

या किरणांचा सुगावा विल्यम हर्शेल यांना १८०० मध्ये लागला. सूर्यप्रकाशाच्या सप्तरंगी पट्ट्यात तांबड्याच्या पलीकडे, जिथे डोळ्यांना काहीच दिसत नाही, तिथे ठेवलेला तापमापक सर्वांत जास्त चढला. रात्रीच्या गारव्याचा उपयोग मात्र उत्तर भारतात त्याआधीपासून होत होता. रॉबर्ट बार्कर यांनी १७७५ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीला अलाहाबादकडची बर्फ करण्याची रीत कळवली: हिवाळ्यात उथळ खड्ड्यांत वाळलेल्या धाटांचा थर, त्यावर मातीची पसरट भांडी आणि त्यांत थोडे पाणी. हवा गोठणबिंदूच्या वर असूनही निरभ्र, शांत रात्री पहाटेपर्यंत पाण्यावर बर्फ धरे. हे बाष्पीभवनाने होते असे आधी वाटे. विल्यम चार्ल्स वेल्स यांनी १८१४ च्या दवावरच्या निबंधात मुख्य कारण आकाशाकडे जाणारे प्रारण आहे, हे दाखवले. खालच्या धाटांमुळे जमिनीची ऊब भांड्यापर्यंत येत नाही आणि वर मात्र वाट मोकळी असते. ज्यांनी ही रीत शोधली त्या कारागिरांची नावे कोणी लिहून ठेवली नाहीत.

तापलेल्या वस्तूतून किती किरण कोणत्या रंगाचे निघतात, या प्रश्नाने पुढे भौतिकशास्त्राचा पायाच हलवला. एकूण प्रारण निरपेक्ष तापमानाच्या चौथ्या घाताने वाढते, हे स्टेफान यांनी १८७९ मध्ये शोधले. रंगांचे गणित मात्र जुन्या नियमांनी जमेना. १९०० च्या डिसेंबरात प्लांक यांनी ऊर्जा सुट्या पुड्यांतून बाहेर पडते असे मानून ते जमवले. या सूत्राची अधिक निर्मळ सिद्धता १९२४ मध्ये ढाक्यात शिकवणाऱ्या सत्येंद्रनाथ बोस यांनी दिली. प्रकाशकण एकमेकांपासून वेगळे ओळखताच येत नाहीत, म्हणून त्यांची मोजदाद वेगळ्या पद्धतीने करायला हवी, हे त्यांचे म्हणणे. बोल्ट्झमन यांच्या मोजदादीला मिळालेले हे नवे वळण होते. आइनस्टाइन यांनी लेखाचे स्वतः जर्मन भाषांतर केले आणि ही पद्धत अणूंना लावून भाकीत केले की पुरेसे थंड केल्यावर अनेक अणू एकाच अवस्थेत जाऊन बसतील.

थंड करणे म्हणजे काय हे तोपर्यंत पुरेसे स्पष्ट झाले होते: थंडी नावाचा वेगळा पदार्थ नाही, कणांची हालचाल काढून घेणे एवढेच. नेदरलँड्समध्ये कामरलिंग ओन्नेस यांनी १० जुलै १९०८ रोजी हीलियमचे द्रव बनवले. ते ४.२ केल्व्हिनला, म्हणजे जवळजवळ उणे २६९ अंशांना उकळते. तीन वर्षांनी त्याच थंडीत पाऱ्याचा विद्युतरोध एकाएकी नाहीसा झालेला त्यांनी पाहिला आणि अतिसंवाहकतेचा शोध लागला.

आज हे काम इंदुरातही चालते. खंडवा रोडवर देवी अहिल्या विश्वविद्यालयाच्या आवारात यूजीसी-डीएई कन्सॉर्शियम फॉर सायंटिफिक रिसर्च ही संस्था आहे. तिथे द्रव हीलियमच्या तापमानाला पदार्थांची विशिष्ट उष्णता, रोध आणि चुंबकत्व मोजायला देशभरातल्या विद्यापीठांचे विद्यार्थी येतात. खोलीच्या तापमानाला बहुतेक धातूंची उष्णता धरण्याची क्षमता अणूमागे सारखीच असते, पण निरपेक्ष शून्याकडे जाताना ती घसरत जवळजवळ नाहीशी होते. हे कोडे आइनस्टाइन यांनी १९०७ मध्ये प्लांक यांच्याच पुड्यांची कल्पना घन पदार्थांतल्या थरथरीला लावून सोडवले. शहरातल्याच राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्राची पायाभरणी १९८४ मध्ये झाली. इंडस-१ आणि इंडस-२ या प्रकाशस्रोतांसाठी ते प्रसिद्ध आहे. तिथे कण-त्वरकांसाठी नायोबियम धातूच्या पोकळ्या घडवून त्या २ केल्व्हिनपर्यंत थंड करून तपासल्या जातात. त्या तापमानाला द्रव हीलियम घर्षणाविना वाहणारा अतिप्रवाही बनलेला असतो.

याच केंद्रात रुबिडियमचे अणू लेसरने थंड करण्याचे काम होते. उष्णता देणारा म्हणून ओळखला जाणारा प्रकाश येथे ती काढून घेतो. लेसरचा रंग अणू शोषू शकेल त्यापेक्षा किंचित तांबडा ठेवतात. लेसरच्या दिशेने धावणाऱ्या अणूला तो रंग बरोबर जुळलेला भासतो, म्हणून तो समोरून येणारे प्रकाशकण शोषतो आणि प्रत्येक धक्क्याने त्याचा वेग कमी होतो. सहा बाजूंनी असे लेसर आले की अणूंचा ढग मधासारख्या दाट प्रकाशात अडकल्यासारखा मंदावतो. या तंत्राला १९९७ चे नोबेल मिळाले. त्याच वाटेने पुढे जाऊन कॉर्नेल आणि वीमन यांनी १९९५ मध्ये अमेरिकेत रुबिडियमचे अणू एक केल्व्हिनच्या दोन कोट्यंशांहूनही कमी तापमानापर्यंत थंड केले आणि बोस व आइनस्टाइन यांच्या नावाची ती अवस्था प्रत्यक्ष दाखवली.

तापमानाचे एकक कशावर टेकवायचे, हाही प्रश्न अलीकडे नव्याने सोडवला गेला. १९५४ पासून केल्व्हिनची व्याख्या पाण्यावर आधारलेली होती: बर्फ, पाणी आणि वाफ एकत्र नांदतात ते तापमान २७३.१६ केल्व्हिन. २० मे २०१९ पासून पाणी बाजूला झाले आणि बोल्ट्झमन स्थिरांकाचे मूल्य केल्व्हिनमागे १.३८०६४९ × १०⁻²³ जूल असे कायमचे ठरवण्यात आले. म्हणजे एक केल्व्हिन म्हणजे कणामागे ठरावीक ऊर्जा. थंड अणूंच्या प्रयोगशाळांत तापमान याच अर्थाने मोजतात. तिथे पारा उपयोगाचा नाही, तो उणे ३९ अंशांनाच गोठतो. आणि कोणताही तापमापक अणूंच्या ढगाला टेकवला तर ढगच नाहीसा होईल. म्हणून ढगाला धरून ठेवणारी क्षेत्रे एकदम बंद करतात, काही हजारांश सेकंद ढग पसरू देतात आणि त्याचे छायाचित्र घेतात. अणू जितके वेगवान, तितका ढग पसरट. त्याच्या रुंदीवरून वेग निघतो आणि वेगावरून तापमान.